पाइपवर सहा लिहिलं होतं

मैत्रिणींनो, हातात लाटणं असेल तर असू द्या, काम थांबवू नका. फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा आणि घरात दहा-पंधरा वर्षांचं पोर असेल तर त्यालाही हाक मारून जवळ बसवा. आजचं बोलणं तुमच्याइतकंच त्याच्यासाठीही आहे.

एरवी मी इथे येते ती बचत गटाचं सांगायला. वही कशी लिहायची, हप्ता चुकला तर काय करायचं, बँकेत कुठला कागद न्यायचा. आज मी बंदुकीवर बोलणार आहे. हसू नका. पोरं घरी छंद म्हणून बनवतात ना, पाइपची, पंपाने हवा भरायची, त्या बंदुकीवर. तशी एक माझ्या अंगणात तयार झाली. माझ्या डोळ्यांदेखत.

माझा मुलगा आठवीत आहे. त्याला काहीतरी खोलायचं आणि जोडायचं वेड आहे. घरातला बंद पडलेला पंखा, जुना मिक्सर, सगळं त्याने उघडून पाहिलंय. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आणि त्याचा मित्र रोज दुपारी अंगणात काहीतरी करत बसायचे. शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे, सायकलचा पंप, जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. मी विचारलं, "काय चाललंय रे?" मुलगा म्हणाला, "आई, एअर गन. डाळिंबावर पोपट येतात ना, त्यांना हुसकवायला."

मी महिन्याचा अहवाल भरत होते. बावीस गटांचे आकडे जुळवायचे होते. मी उंबऱ्यातूनच पाहिलं. काम सफाईदार होतं. मी म्हटलं, "छान जमलंय हो!" आणि आत गेले. त्यांचा पहिला बार झाला तेव्हा कागदाचा बोळा भिंतीवर आपटला आणि मीही आतून हसले. पोरगं मोबाइलवर लोळत नाही, हाताने काही करतंय, याचं मला कौतुक होतं.

चौथ्या दिवशी आवाज वेगळा आला. कुकरचं झाकण उडावं तसा. मी धावत बाहेर गेले तर पाइपच्या चिंधड्या झाल्या होत्या आणि मित्र दोन्ही हातांनी डोळा दाबून खाली बसला होता. बोटांतून रक्त येत होतं. माझा मुलगा पंपाशी उभा होता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आई, पाइपवर सहा लिहिलं होतं. आम्ही चारच भरली होती."

या सहाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. नंतर कळला. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे, कारण पोरं अडाणीपणाने चुकली नव्हती. ती हिशेब करून चुकली होती.

शेतीच्या पाइपवर आकडे छापलेले असतात, तुम्ही पाहिले असतील. अडीच, चार, सहा, असे. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर तितक्या किलोचा दाब तो पाइप सोसेल. पोरांनी तो आकडा वाचला. पंपाला काटा होता, त्यावर चारच्या पुढे जायचं नाही असं ठरवलं. माझ्या मते आठवीतल्या पोरांनी याहून जास्त काळजी काय घ्यायची! पण तो आकडा पाण्यासाठी असतो, हवेसाठी नाही. हे पाइपवर लिहिलेलं नसतं.

पाण्यात आणि हवेत फरक काय, हे घरच्या घरी समजून घेता येतं. सुई नसलेली एक सिरिंज घ्या, मुलांना औषध पाजायची असते तसली. तिच्यात हवा भरा, पुढचं तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दांडा दाबा. दांडा अर्ध्यापर्यंत आत जातो आणि सोडला की उसळी मारून मागे येतो. आता तीच सिरिंज पाण्याने भरा आणि दाबा. दांडा हलतच नाही. पाणी दबत नाही, हवा दबते. दबलेली हवा म्हणजे ताणून धरलेलं रबर. सुटली की ती पसरते, आणि जे वाटेत येईल त्याला घेऊन पसरते.

म्हणून पाण्याचा पाइप फुटला तर चीर पडते, कारंजं उडतं, आपण भिजतो. दाब लगेच उतरतो. हवेचा पाइप फुटला तर आतली हवा एका क्षणात पसरते आणि पाइपचे टोकदार तुकडे चारी दिशांना फेकते. त्यात हा प्लॅस्टिकचा पाइप कडक जातीचा. तो वाकत नाही, काचेसारखा तडकतो. उन्हात पडून राहिलेला असेल तर आणखी ठिसूळ होतो. आमचा तुकडा दोन उन्हाळे गोठ्यामागे पडून होता.

आपल्या भाषेत सांगते. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक किलोने जास्त असतो. फक्त एक. तेवढ्यासाठी जाड भांडं, वर वजनाची शिट्टी, ती तुंबली तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि झाकण अडकवायची खाच, इतकी व्यवस्था केलेली असते. तरी शिट्टी अडकली तर आपण घाबरतो. पोरांच्या पाइपमध्ये कुकरच्या चौपट दाब होता. शिट्टी नव्हती, व्हॉल्व्ह नव्हता, आणि दोघं त्यावर वाकून बसले होते. हाच हिशेब मी उंबऱ्यात उभी असताना केला असता तर! कुकर मी रोज लावते. पण बंदूक म्हटलं की ते पुरुषांचं, पोरांचं काम, त्यात आपल्याला काय कळतंय, असं मनात कुठेतरी बसलेलं असतं.

मित्राचं काय झालं ते सांगते. भुवईवर टाके पडले आणि डोळ्याच्या आत रक्त साकळलं. जिल्ह्याच्या गावी नेलं. डॉक्टरांनी डोकं उंच ठेवून पडून राहायला सांगितलं. धावायचं नाही, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही. आठवडाभराने रक्त उतरलं आणि दिसू लागलं. पण अशी इजा झाली की पुढे कधीही डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि तो वाढला तर दुखत नाही, नजर हळूहळू जाते. म्हणून त्याला दर वर्षी तपासणी करावी लागणार. कायम.

त्याची आई आमच्याच एका गटात आहे. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर ती मला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला दिसलं नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

गटाने तिला तातडीचं कर्ज दिलं, आठ हजारांचं. मी म्हटलं, हप्ते मी भरते. ती म्हणाली, "कर्ज माझ्या नावावर आहे, हप्ता मीच भरीन. तुम्हाला काही करायचंच असेल तर तुम्ही रेडिओवर बोलता ना, तिथे सांगा." म्हणून मी आज बोलतेय. तिला विचारून बोलतेय. नावं मात्र कुणाची घेणार नाही.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ताई, हे तुमच्याकडे घडलं, आमच्याकडे नाही घडत. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात काय झालं ते आठवा. भोपाळ आणि आसपासच्या गावांत पाइपच्या कार्बाइड गन बाजारात आल्या. दीड-दोनशे रुपयांना एक. मुळात माकडं हुसकवायला शेतकरी वापरत, ती पोरांच्या हातात फटाका म्हणून गेली. तिच्यात हवा भरत नाहीत. कार्बाइडला पाणी लागून पेटता वायू होतो आणि त्याचा स्फोट होतो. बार उडाला नाही म्हणून पोरांनी नळीत डोकावून पाहिलं, आणि नेमका तेव्हाच तो उडाला. शंभराहून जास्त जण डोळे भाजून दवाखान्यात गेले, त्यांत बरीचशी लहान मुलं. सरकारने बंदी घातली. आपल्या बाजारात, जत्रेत, मोबाइलच्या व्हिडिओत अशी नळी दिसली तर पोराच्या हाती देऊ नका. कार्बाइडची बंदूक हा खेळ नव्हे, कुणी कितीही स्वस्त देवो.

कायद्याचंही थोडं सांगते. हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही असं सर्रास बोललं जातं. ते अर्धं खरं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० जूलपेक्षा जास्त ताकदीच्या किंवा साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. आता घरी बनवलेल्या पाइपची नळी मोजा. ती अंगठ्याएवढी असते. आणि तिची ताकद किती जूल, हे मोजायचं साधन कुणाच्या घरात आहे? शिवाय पोपट किंवा मोर मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तो छंद म्हणून केला तरी गुन्हाच. अरुणाचल प्रदेशात घरोघरी एअर गन असत, पाखरं टिपायला. २०२१ मध्ये लुमडुंग नावाच्या गावातून तिथे एक मोहीम सुरू झाली. लोकांनी आपापल्या एअर गन आणून जमा केल्या आणि पुढे हा आकडा दोन हजारांवर गेला. जंगलात पाखरांचा आवाज कमी झालाय, हे लोकांनाच कळलं होतं.

आणि हवा म्हणजे लुटुपुटीची, असंही समजू नका. अडीचशे वर्षांपूर्वी, १७८० च्या सुमारास, ऑस्ट्रियाच्या सैन्यात हवेवर चालणारी रायफल होती. तिची टाकी भरायला दीड हजार वेळा पंप मारावा लागे, आणि मग ती माणूस मारत असे. दारू नाही, धूर नाही, नुसती हवा.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग पोरांच्या हातातून पक्कड-पाना काढून घ्यावा. माझ्या नवऱ्याने तेच केलं. अवजारांची पेटी माळ्यावर गेली. मुलगा काही बोलला नाही. पण पुढे दोन महिने त्याने काहीही उघडलं नाही. घरातला बल्ब गेला तरी हात लावेना. मी म्हटलं, "लाव की रे," तर म्हणाला, "नको, काही झालं तर?" मला ते पाहवेना. एका पोराच्या डोळ्याला इजा झाली होती आणि दुसऱ्याच्या हातातलं बळ गेलं होतं.

आमचे मामंजी, म्हणजे सासरे, जुन्या वळणाचे. ते एक दिवस बांबूचा पेर घेऊन अंगणात बसले. लहानपणी ते बनवायचे तशी पोरांची बंदूक करू लागले. दोन्हीकडून मोकळी नळी, तिच्यात सहज सरकेल अशी एक काडी, आणि भिजवलेल्या कागदाचे दोन बोळे. एक बोळा पुढच्या टोकाला, दुसरा मागून आत ढकलायचा. दोन बोळ्यांमधली हवा दबते आणि पुढचा बोळा 'फट्' करून उडतो. मुलगा आधी लांबून बघत होता. मग जवळ आला. मग म्हणाला, "आजोबा, ही पण एअर गनच आहे."

खरंच आहे! तत्त्व तेच. पण फरक पाहा. इथे हवा साठवलेली नाही. हाताने जेवढं ढकलाल तेवढाच दाब, आणि तोही क्षणभर. बोळा निघाला की संपलं. बांबू फुटण्याइतका दाब पोराच्या हातात येतच नाही. माझी कोकणातली जाऊ सांगते, त्यांच्याकडे पावसाळ्यात पोरं हेच खेळतात, कागदाऐवजी हिरवी कच्ची फळं घालून. बस्तरमध्ये जगदलपूरला गोंचा नावाच्या रथयात्रेच्या सणात अशाच बांबूच्या बंदुकीने, तिला तुपकी म्हणतात, देवाला सलामी देतात. गावातले लोक त्या बनवून विकतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वस्तू आहे ही. तरी नियम इथेही आहे. तोंडावर रोखायची नाही, फळ नाही तर ओला कागद घालायचा, आणि नळीत डोकावायचं नाही.

मग मी पेटी माळ्यावरून खाली काढली. नवऱ्याला म्हटलं, पेटी बंद ठेवून पोरगं शहाणं होणार नाही, आपण शेजारी बसलो तर होईल. पुण्यात आयुका संस्थेच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली. त्यांच्या खेळण्यांत फुगा फुगवणारे पंपही आहेत. हवेचीच करामत, पण कुणाला इजा नाही. त्यांची पुस्तकं मराठीत मिळतात, शाळेत मागा. आपल्या पाठीवरचा फवारणीचा पंपसुद्धा हवेच्या दाबावर चालतो. तो मुलांना उघडून दाखवा, रिकामा करून आणि स्वच्छ धुऊन. त्यातली वायसर कशासाठी असते, व्हॉल्व्ह एकाच बाजूने का उघडतो, हे कळलं की पोरगं पुढचे चार पंप दुरुस्त करील.

आणि खरंच नेमबाजीचा नाद असेल तर तो लपूनछपून का? मुलगी असली तरीही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये रायफलमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य आणलं. हा खेळ दहा मीटरवरच्या एअर रायफलने शिकतात. तिथे लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, मोहरीच्या दाण्याहून लहान. तिथे प्रशिक्षक असतो, रांग असते, आणि कुणी पुढे गेलं तर सगळ्यांच्या बंदुका खाली जातात. नेमबाजीत पहिल्या दिवशी नेम शिकवत नाहीत, बंदूक कुठल्या दिशेला धरायची ते शिकवतात.

आता लिहून घ्या. आमच्या गटांनी चार प्रश्न ठरवलेत. पोरगं अंगणात काही बनवत असेल तर कामावरून उठायचं, जवळ जायचं आणि हे चार विचारायचे.

पहिला, यात काही साठतंय का? हवा, वाफ, वायू, वीज. साठत असेल तर मोठं माणूस शेजारी हवं, आणि बंद नळीत किंवा बाटलीत पंपाने हवा भरायची असेल तर सरळ नाही म्हणायचं.

दुसरा, जास्त झालं तर ते कुठून निघेल? कुकरला शिट्टी आहे, याला काय आहे? उत्तर नसेल तर काम तिथेच थांबवायचं.

तिसरा, फुटलं तर तुकडे कुठे जातील आणि तिथे कोण बसलंय?

चौथा, हे कुणावर रोखणार? माणूस, जनावर, पाखरू, यातलं काहीही उत्तर आलं तर नाही.

हे विचारायला सायन्सची डिग्री लागत नाही. मी बीए आहे, इतिहास घेऊन. पण हे विचारायला अहवाल बाजूला ठेवावा लागतो.

आणि इजा झालीच तर. डोळ्याला मार लागला, काही टोचलं, रक्त आलं, तर डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. काही रुतलं असेल तर उपसू नका. एखादा स्वच्छ कागदी कप किंवा छोटी वाटी डोळ्यावर पालथी ठेवा, कडा हाडावर टेकतील अशी, आणि पट्टीने बांधा. डोळ्यावर दाब येता कामा नये. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, त्याच दिवशी. मात्र चुना, कार्बाइड किंवा फवारणीचं औषध डोळ्यात उडालं तर उलट करायचं. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरून पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि मग दवाखाना. कुठल्याही वेळी तूप, एरंडेल, मध, अंगावरचं दूध डोळ्यात घालायचं नाही. आजीने कितीही सांगितलं तरी नाही.

मैत्रिणींनो, त्या मित्राची आई गटाच्या बैठकीला येते. पूर्वी माझ्या शेजारी बसायची, आता समोरच्या भिंतीशी बसते. वहीवर सही करते, हप्ता ठेवते, जाते. आठ हजारांतले तीन हप्ते राहिलेत. मी तिला काही म्हणत नाही. तिचा तो हक्क आहे.

मुलगा मात्र मागच्या रविवारी आला होता. तिने पाठवला की तो आपणहून आला, मी विचारलं नाही. मामंजींची बांबूची नळी त्याने हातात घेतली, लांब धरून आरपार पाहिली आणि माझ्या मुलाला म्हणाला, "काडी जाड झालीय, घासायला पाहिजे." दोघं पायरीवर बसून घासत होते. माझ्यासमोर अहवाल होता. मी तो मिटला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

तुमच्या अंगणात काही चाललं असेल तर आज एकदा बाहेर जाऊन बघा. पुढच्या वेळी भेटू, तेव्हा गटाच्या वहीबद्दलच बोलू.